मंद फिल्म आणि दगडावरची अक्षरे

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात महादेवाच्या देवळाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. 'आहे' असे म्हणतो, कारण दगड अजून जागेवर आहे. अक्षरे मात्र जीर्णोद्धारात लावलेल्या ऑइलपेंटखाली गेली. रंगाचे तीन-चार हात खोबणीत भरून बसले आणि आता बोट फिरवले तर गुळगुळीत भिंत तेवढी लागते. रंग लागण्यापूर्वी, १९९६ साली, मी त्या लेखाचे सहा फोटो काढले होते. त्यांत 'शके' हा शब्द वाचता येतो. पुढे चार आकडे आहेत : पहिले दोन एक आणि एक, शेवटचा सात. तिसरा आकडा दोन आहे की तीन, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

दोन आणि तीन यांत फरक एका वळणाचा. काळाच्या हिशेबात तो दहा वर्षांचा होतो, आणि तेवढ्यात राजाही बदललेला असू शकतो. निगेटिव्ह मोठी करून पाहिली की त्या जागी दगड दिसतच नाही, फिल्मचे कण दिसतात. ही चूक माझी होती. खरे तर कागदावर शाईचा ठसा घ्यायला हवा होता, पण ते काम मला तेव्हा येत नव्हते. लग्नाचे फोटो काढावेत तसा मी ४०० स्पीडचा रोल घालून शिलालेखाचे फोटो काढले. त्या चुकीच्या मागे जात असता जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी केली, त्यामुळे रसायनांची ओळख तेवढी होती. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे स्फटिक पसरलेले असतात. स्फटिक मोठे असले की थोड्या प्रकाशात भागते. ती फिल्म जलद. स्फटिक बारीक असले की प्रकाश जास्त लागतो. ती फिल्म मंद, पण तिच्यावर रेघ स्वच्छ उमटते. शिलालेख कुठे पळून जात नाही. त्याच्यासाठी मंद फिल्मच हवी होती.

दुसरा मुद्दा आकाराचा. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मला क्वार्टर प्लेटचा लाकडी कॅमेरा मिळाला. त्याचा भाता दोन ठिकाणी फाटला होता. तो मी बुकबाइंडिंगच्या कापडाने सांधला. क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच. स्टुडिओवाल्यांच्या हाफ प्लेट, फुल प्लेटच्या मानाने हे धाकटे भावंड, पण ३५ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा त्याचे क्षेत्रफळ दहा पट भरते. एसटीत मांडीवर घेऊन बसता येईल एवढा कॅमेरा आणि दहा पट मोठी निगेटिव्ह! अडचण एकच उरली. त्यात घालायला सुटी मंद फिल्म कुठून आणायची?

बाजारात विचारले तर उत्तर नकारार्थीच आले. कोडॅकची २५ स्पीडची 'टेक्निकल पॅन' बंद झालेली. क्रोएशियातील सामोबोरच्या कारखान्याची 'एफके २५' सुट्या फिल्ममध्येही येत असे. तो कारखाना २०१२ साली बंद पडला. इल्फर्डची ५० स्पीडची 'पॅन एफ' फक्त रोलमध्ये. इल्फर्ड वर्षातून एकदा आगाऊ मागणी घेऊन जुन्या मापांच्या फिल्म कापून देते, त्यात क्वार्टर प्लेटही असते. पण त्या फिल्मचा स्पीड १२५, आणि परदेशातून मागवण्याचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नाही. एकेकाळी उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० साली कंपनी स्थापन झाली आणि १९६७ पासून उत्पादन सुरू झाले. त्यांच्या 'इंदू' नावाच्या पिवळ्या-निळ्या आठवणी माझ्या वयाच्या प्रत्येक फोटोग्राफरकडे आहेत. तोही कारखाना आता बंद झाला.

मग मी प्रश्न उलटा घातला. आपल्या भागात पूर्वी दगडावरचे बारीक काम टिपले जात होते, ते कशावर?

अजिंठ्यापासून सुरुवात करू. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याची चित्रे नकलून घेण्याच्या कामावर पाठवले गेले. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिलने मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार यांचे त्याने काढलेले फोटो १८६४ साली पुस्तकरूपाने निघाले, म्हणून टिकले. त्या काळची रीत ओल्या कोलोडियनची : काचेवर द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. आजच्या मोजमापात तिचा स्पीड एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण कण जवळजवळ दिसतच नाहीत.

पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या. परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात. त्या राज्याचा नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ. निजामाने त्याला 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे त्याच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आहेत. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचा पहिला भाग १९३० साली निघाला. ही चित्रे छायाचित्रणावर आधारलेली आहेत, हे त्यांनी ग्रंथाच्या नावातच घातले. हाताने केलेल्या नकलेपेक्षा काचेवरची नोंद अधिक विश्वासाची, हे तोवर मान्य झाले होते.

यानंतर मात्र धागा तुटल्यासारखा वाटला. स्टुडिओवाले जलद फिल्मकडे वळले, आणि ते योग्यच होते; मांडीवरचे मूल अर्धा सेकंदही स्थिर बसत नाही. मग मंद फिल्म गेली कुठे? उत्तर मला दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात सापडले. फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, रतलामला जाऊन ब्लॉक बनवणे शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला, १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि नंतर लोणावळ्याला छापखान्याच्या धंद्यात उतरले. सिनेमाच्या आधीचे हे फाळके आपण भरभर ओलांडून जातो. पण लेण्यांचा कॅमेरा आणि ब्लॉकमेकरचा कॅमेरा एकाच माणसाच्या हातात होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

छापखान्यात फोटो छापायचा तर तो जाळीतून बारीक बिंदूंत फोडावा लागे. बिंदूची कडा फाटली की छपाई गढूळ. म्हणून ब्लॉकमेकर मंद आणि बारीक कणांच्या काचाच वापरत. काही ठिकाणी तर ओले कोलोडियन विसाव्या शतकातही बरीच वर्षे चालू होते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आपल्या दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. त्या परंपरेतले फोटो कित्येक दशके अशाच ठशांवरून छापले गेले. पुढे ऑफसेट आले, काचेच्या जागी लिथ फिल्म आली. स्पीड पाच-सहाच्या घरात, कण अतिशय बारीक. म्हणजे स्टुडिओने सोडलेली मंद फिल्म छापखान्याने जपली होती, आणि मी तिला फोटोच्या दुकानांत शोधत होतो.

मधल्या काळात मी एक्स-रे फिल्मही करून पाहिली. ती दोन्ही बाजूंनी लेपलेली असते, त्यामुळे बारीक कडा दुहेरी उमटते. शिवाय जिलेटिन इतके मऊ की नखानेही ओरखडा जातो. अखेर एका तालुक्याच्या गावी जुन्या ऑफसेट छापखान्यात गेलो. आता संगणकावरून थेट प्लेट निघते, फिल्म लागत नाही. मालकांनी माळ्यावरून एक खोका काढून दिला. "घेऊन जा सर, इथं उंदरं कुरतडायलेत," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. आत दहा बाय बाराचे सत्तावीस ताव होते, मुदत कधीच उलटलेली. मंद फिल्म सहसा लवकर खराब होत नाही. कडेला थोडी काळवंडली होती, एवढेच.

एका तावातून क्वार्टर प्लेटचे आठ तुकडे बसतात. ही फिल्म लाल रंगाला आंधळी असल्याने लाल दिव्यात कापता येते, आणि चित्र उमटताना डोळ्यांनी पाहून धुता येते. तिचा दोष असा की तिला काळे आणि पांढरे दोनच समजतात. छपाईला तेच हवे असते. दगडाला मधल्या छटा लागतात. छापखान्याचे तीव्र डेव्हलपर सोडून मी रोडिनल दीडशेपट पाण्यात मिसळले, तेव्हा कुठे काळ्या पाषाणाचा करडा रंग दिसू लागला. आमचे बोअरचे पाणी क्षारांचे, म्हणून पाणी शुद्ध केलेले. आणि उन्हाळ्यात भोवती बर्फ, नाहीतर जिलेटिन काचेवरून साय निघावी तसे फिल्मवरून सुटते.

लाल रंगाला आंधळी असण्याचा आणखी एक परिणाम जुने फोटो वाचताना कामी आला. शेंदूर लावलेला मारुती या फिल्मवर काळाकुट्ट येतो. जुन्या काचाही बहुधा अशाच. तेव्हा जुन्या फोटोत देव काळा दिसला म्हणून त्या काळी शेंदूर नव्हता, असे अनुमान करू नये. माझ्या वहीत अशी दोन अनुमाने होती. ती मी खोडली.

चारठाण्याला पहिला प्रयोग केला. सकाळचे तिरपे ऊन, जिथे पोचत नाही तिथे आरसा; भिंग बावीसवर आणि टोपी काढून साधारण अर्धा सेकंद. सावलीतल्या खांबाला चार-पाच सेकंद, मंडपात काही मिनिटे. तेवढा वेळ नुसते उभे राहावे लागते. घरी भिंगाखाली निगेटिव्ह धरली, तर खांबावरच्या छिन्नीचे घाव एकेक करून मोजता आले.

हल्लीच्या मोबाइलनेही हे होईल, असे मुलगा म्हणतो. होईल. मोबाइलने मीही काढतो. पण माझी एक हार्ड डिस्क दोन वर्षांच्या कामासह गेली, आणि १९९६ च्या त्या सहा निगेटिव्ह, सदोष का होईना, अजून माझ्यापाशी आहेत. उन्हात धरल्या की दिसतात.

त्या देवळातही मी मंद फिल्म घेऊन गेलो. तिरप्या उन्हात, आरसा फिरवून, चार फिल्म खर्च केल्या. रंगाखालचे काही दिसले नाही. तिसरा आकडा गेला तो गेला. पण जिल्ह्यात अजून रंग न लागलेले लेख आणि वीरगळ आहेत. त्यांतले एकतीस माझ्या वहीत नोंदवलेले आहेत आणि जीर्णोद्धाराच्या पावत्या गावोगाव फाटत आहेत. देऊळ नीट व्हावे, याला माझी ना नाही. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक दिवस थांबावे, एवढेच सांगणे आहे.

वाचकांना एक विनंती. बंद छापखान्याच्या माळ्यावर लिथ फिल्मचा खोका असेल, किंवा जुन्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्ह असतील, तर भंगारात देऊ नयेत. तसबिरीसाठी काचा धुऊन वापरल्याचे मी पाहिले आहे. प्रयोगांत आणि चुकांत माझ्या बऱ्याच फिल्म संपल्या. खोक्यात आता तीन ताव आहेत, म्हणजे चोवीस फिल्म.