बेसनगरचा गरुडध्वज

इंदूर नगराचे नाव तेथील इंद्रेश्वराच्या देवळावरून पडले, अशी परंपरा आहे. त्याच इंद्राचे नाव माळव्यापासून फार दूर, आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, मातीच्या पाट्यांवर कोरलेले आढळले आहे. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात हित्ती व मितन्नी या राज्यांत तह झाला, तेव्हा उभय पक्षांच्या देवांना साक्षीस पाचारण करण्यात आले. मितन्नींच्या देवांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे आहेत. परपक्षाचा देव खोटा मानला असता, तर त्याच्या साक्षीला अर्थ कोणता उरला असता?

अनेक देव मानणाऱ्या प्राचीन समाजांची दृष्टी या एका तहातून स्पष्ट होते. परक्याचा देव खरा की खोटा, हा प्रश्न त्यांना सहसा पडत नसे. त्या देवाला आपल्याकडे कोणत्या नावाने ओळखतात, एवढेच ते पाहत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसाने मिसर देशातील अमूनला झ्यूस व ओसायरिसला डायोनिसस म्हटले. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनीस याने शूरसेनांच्या मथुरेत हेराक्लीसची भक्ती चालत असल्याचे नमूद केले. हा हेराक्लीस म्हणजे वासुदेव कृष्णच असावा, असे अनेक विद्वान मानतात.

मात्र त्या काळी देवांवरून सर्वत्र सलोखाच नांदत होता, असे समजणे भाबडेपणाचे होईल. एलामच्या राजांनी बाबिलोनच्या मार्दुक देवाची मूर्ती लुटून नेली, आणि ती परत आणणे हा पहिल्या नेबुखद्नेझराचा मोठा पराक्रम गणला गेला. ख्रिस्तपूर्व ३९६ मध्ये व्हेई नगर जिंकताना रोमनांनी तेथील जूनो देवीला रोमला येण्याची प्रार्थना केली व तेथे तिला देऊळ बांधून दिले, असे रोमन इतिहासकार सांगतात. जिंकलेल्यांचा देव बंदिवान होई किंवा जेत्याचा पाहुणा होई. पण तो देवच नव्हे, असे जेता म्हणत नसे.

या सर्वांहून एक पाऊल पुढे गेलेल्या यवनाची साक्ष माळव्यातच उभी आहे. इंदूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ आहे. आसपासचे लोक त्याला ‘खामबाबा’ म्हणून पूजीत आले. १८७७ साली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने तो पाहिला, परंतु शेंदराच्या जाड थरामुळे त्यावरील अक्षरे त्याला दिसली नाहीत. १९०९ मध्ये शेंदूर दूर झाला, तेव्हा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख प्रकट झाला. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र हेलिओदोर हा यवनराज अंतलिकिताचा वकील म्हणून राजा भागभद्राकडे आला होता. त्याने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे तो लेख सांगतो. हा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरचा.

अंतलिकिताच्या नाण्यांवर झ्यूस विराजमान आहे. त्याच्या वकिलाने वासुदेवाला हेराक्लीस म्हणावे, हे रूढीला धरून झाले असते. त्याने तसे केले नाही. त्याने देवाचे नाव जसेच्या तसे ठेवले आणि स्वतःला ‘भागवत’ म्हणविले. अशा ओळखीची पूर्वतयारी त्यापूर्वीच झाली होती. अगाथोक्लीस या यवनराजाच्या, अफगाणिस्तानातील ऐ-खानूम येथे १९७० मध्ये सापडलेल्या नाण्यांवर संकर्षण व वासुदेव त्यांच्या आयुधांसह कोरलेले आहेत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १९६३ ते १९६५ च्या उत्खननात स्तंभाजवळ त्याहून प्राचीन देवळाचा पाया मिळाला. म्हणजे देऊळ आधीपासून नांदते होते आणि ते सांभाळणारेही कोणी असलेच पाहिजेत. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. तथापि एका परदेशस्थाची सेवा देवाच्या दारी रुजू झाली, ती त्यांच्या संमतीवाचून झाली नसावी.

गोमंतकातील महाजन कुटुंबांना याची थोरवी निराळी सांगावयास नको. १५४० मध्ये तिसवाडीत देवळे पाडली गेली, पुढे बार्देश व साष्टीतही तेच झाले. तेथे मूर्ती जिंकून नेण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याचा देव हा देवच नव्हे, असा तो निवाडा होता. म्हणूनच पूर्वजांना आपली दैवते उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात न्यावी लागली आणि तेथे नवी देवस्थाने उभी करावी लागली. ज्यांच्या देवांना असे नाकारले गेले, त्यांनी तरी दाराशी आलेल्या परक्याची श्रद्धा तुच्छ लेखू नये.

हेलिओदोराच्या स्तंभावर दुसराही एक लहान लेख आहे. दम, त्याग व अप्रमाद ही तीन अमृतपदे नीट आचरली असता स्वर्गास नेतात, असा त्याचा आशय आहे. यांपैकी अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा, हा देवस्थान सांभाळणाऱ्यांचा विशेष धर्म होय. कोणा यवनाने स्तंभ उभारला हे ठाऊक नसतानाही बेसनगरच्या साध्या लोकांनी त्याला शेंदूर लावून जपले. माळव्यातील मराठी मंडळींनी विदिशेस जाणे झाल्यास या खामबाबाचे दर्शन अवश्य घ्यावे.