प्राच्यवादी चित्रकला आणि दख्खनची इस्लामी वास्तू

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी मशिदी, मकबरे, हमामखाने व बाजार यांची जी असंख्य चित्रे काढली, त्यांना कलेतिहासात 'प्राच्यवादी चित्रकला' म्हणतात. फ्रेंच चित्रकार जेरोम याचे सुमारे १८७९ मधील 'गारुडी' हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. त्यातील निळ्या फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील. त्यांच्यापुढे चाललेला खेळ मात्र चित्रकाराच्या कल्पनेतला. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र आले आणि या कलेकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

मराठी वाचकाला उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारतातील दृश्यांचा ३६ रंगीत चित्रांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, तसेच औरंगजेबाच्या राजवाड्याच्या अवशेषांमधून दिसणारे औरंगाबादही आहे. (पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून मुंबईकरांना ठाऊक झालेल्या पेढीचा संस्थापकही हाच.)

विजापूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. आरमारी अधिकारी रॉबर्ट इलियट याने तेथील मकबऱ्यांची रेखाटने केली. ती १८३० नंतर लंडनमध्ये छापली गेली, पण सॅम्युअल प्राउट आदी नामवंतांकडून नव्याने काढून घेऊन! प्राउट युरोपातील जुन्या शहरांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. भारतात तो कधी आलाच नव्हता. इंग्लंडने पाहिलेले विजापूर असे दोन हातांतून गेलेले होते. पडझड, उजाड माळ व पायथ्याशी चिमुकली माणसे हा त्या काळच्या निसर्गरम्य चित्रांचा ठरीव साचा. पाहणाऱ्याला हे शहर कुणाचेच नाही असे वाटावे. वस्तुतः १८४८ पर्यंत ते सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होते.

याच विजापुरात दुसऱ्या प्रकारचे कामही झाले. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर याच्या देखरेखीखाली कॅप्टन हार्ट व कमिंग यांनी गोल घुमटासारख्या वास्तूंची मोजमापे घेऊन आराखडे केले. जेम्स फर्गसनने संपादित केलेला तो ग्रंथ १८५९ मध्ये निघाला. सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा घुमट कमानींच्या जाळ्यावर कसा तोलला आहे, हे रम्य चित्रातून नव्हे, अशाच आराखड्यातून उमगते. मात्र मुखपृष्ठावर दोघा साहेबांची नावे आहेत आणि त्यांच्यापुढे केवळ 'नेटिव्ह ड्राफ्ट्समन' एवढाच उल्लेख. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराचे नाव टिकले. विजापूरच्या या कारागिरांच्या वाट्याला तेही आले नाही. १८६६ मध्ये मेडोज टेलर व फर्गसन यांचा छायाचित्रांचा ग्रंथ आला. त्यात प्रत्यक्ष वास्तूंच्या छायाचित्रांबरोबर त्याच आराखड्यांची छायाचित्रे आहेत, आणि शीर्षकपानावर पुन्हा तेच दोन शब्द.