परिचारिका कोणाच्या पैशाने घडते?

१/ दिवेआगर म्हटले की इतिहासप्रेमींना शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट आठवतो. मराठीतील आरंभीच्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते आणि त्यात सुवर्णाच्या व्यवहाराची नोंद आहे. कोणाचे द्रव्य कोणाच्या हाती आणि कशासाठी, हा प्रश्न इतिहासात नेहमीच उपयोगी पडतो. आजच्या धाग्यात तोच प्रश्न एका निराळ्या विषयाला विचारायचा आहे : परिचारिकांच्या शिक्षणाला.

२/ ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच काळात करोनाची साथही चालू होती. अशा दिवसांत किनाऱ्यावरच्या गावाला वैद्यकीय व्यवस्थेचा जो पहिला चेहरा दिसतो, तो बहुधा डॉक्टरांचा नसतो. तो असतो उपकेंद्रातील ‘सिस्टर’चा.

३/ सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे लागते. उपकेंद्राचा कणा म्हणजे एएनएम, अर्थात सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, नोंदवह्या हे सारे तिच्याकडे असते. ती येते कोठून आणि तिच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलला, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

४/ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. श्रीवर्धन तेव्हा जंजिरा संस्थानात होते. १९४८ मध्ये ते कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याला ‘रायगड’ हे नाव मिळाले. त्या काळी गावोगावी बाळंतपण सुईणीच्या हाती असे. सुईणीची विद्या घरातल्या घरात, हाताखाली काम करून मिळे. तिला शाळा नव्हती, त्यामुळे शाळेचा खर्चही नव्हता. जंतुसंसर्गाचे ज्ञान पसरू लागले, तेव्हा मात्र ही पद्धत अपुरी असल्याचे दिसू लागले.

५/ शाळेत शिकून तयार झालेली परिचारिका ही कल्पना आधुनिक आहे आणि तिच्या मुळाशी एक वर्गणी आहे. क्रिमियन युद्ध चालू असताना, १८५५ च्या अखेरीस, लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सन्मानार्थ निधी उभारण्यात आला. त्यात सुमारे ४५,००० पौंड जमले. त्याच्या बळावर १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली.

६/ तो पैसा कशावर खर्च झाला, ते महत्त्वाचे आहे. शिकाऊ मुलींना राहण्याची जागा आणि जेवण मिळे. शिवाय वर्षाला १० पौंड हातात पडत. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर काही काळ नेमून दिलेल्या रुग्णालयात काम करण्याची अट असे. म्हणजे मुलीला फी भरावी लागत नव्हती, छप्पर मिळत होते आणि पुढची नोकरीही ठरलेली होती. ही तीन कलमे लक्षात ठेवावीत. पुढील सर्व योजना याच कसोटीवर पारखता येतात.

७/ आता आपल्याकडे येऊ. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. परपुरुषाकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार होत नाहीत आणि त्यामुळे जीव गमावतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, असे त्यांनी आग्रहाने मांडले. या साक्षीचा वृत्तान्त राणी व्हिक्टोरियापर्यंत पोचला, असे मानले जाते.

८/ त्याच सुमारास मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये सुरू झाले. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी तेथे परिचारिकांच्या प्रशिक्षणाचाही पाया घातला. मुंबईच्या व्यापारी वर्गाचे दान या इतिहासाच्या आरंभीच आहे.

९/ १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी अखिल भारतीय निधी स्थापन केला. संस्थानिक आणि धनिक यांनी त्याला वर्गण्या दिल्या. निधीची उद्दिष्टे तीन होती : वैद्यकीय शिक्षण, वैद्यकीय उपचार, आणि प्रशिक्षित परिचारिका व सुईणी यांचा पुरवठा. पुढे लेडी कर्झन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ गावच्या सुईणींच्या प्रशिक्षणासाठी वेगळा शिष्यवृत्ती निधीही काढला.

१०/ पैसा होता, रुग्णालये होती. तरी शिकायला येणाऱ्या मुली फार थोड्या होत्या. परक्याच्या देहाला स्पर्श, मलमूत्र काढणे, रात्रपाळी, पुरुषांच्या वॉर्डात वावर, या साऱ्याला प्रतिष्ठित घरांचा विरोध होता. त्यातच मुलीचे लग्न लवकर होई. परिणामी या व्यवसायात प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियाच राहिल्या. त्यांनी आणि मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन रुग्णालयांनी हे काम उचलले नसते, तर ही परंपरा आपल्याकडे रुजलीच नसती.

११/ १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. शुश्रूषा हे केवळ ‘हलके काम’ नाही, ते जीवावरचे काम आहे आणि त्यासाठी शिकलेली माणसे लागतात, हे त्या साथीने दाखवून दिले.

१२/ ही कोंडी कोणी फोडली? १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने. अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या, तर कार्यवाहपदी भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. लवकरच ससून रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचे काम संस्थेने हाती घेतले. शिकायला येणाऱ्यांत विधवांची संख्या मोठी होती.

१३/ सेवासदनाने काय वेगळे केले? रुग्णालय सरकारचेच होते, वॉर्डही तेच होते. फरक पडला तो वसतिगृहाने. विश्वासातल्या बायकांच्या देखरेखीखाली राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि देणग्या व अनुदानातून विद्यार्थिनींचा निर्वाह चालला. घरी परतण्याचा मार्ग बंद झालेल्या एखाद्या तरुण विधवेला शिष्यवृत्तीपेक्षाही आधी निजायला सुरक्षित जागा हवी होती. रमाबाईंनी हे ओळखले होते.

१४/ ‘लोकांची मनोवृत्ती बदलली म्हणून मुली आल्या’ असे आपण सहज म्हणतो. येथे क्रम निराळा दिसतो. आधी छप्पर मिळाले, मग काही स्त्रिया आल्या, त्या कमावत्या झाल्या आणि त्यानंतर हळूहळू मनोवृत्ती हलली. रमाबाई रानडे यांच्या नावाचा दबदबा हेही एक भांडवलच होते. ज्या संस्थेच्या दारात न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी उभ्या आहेत, तिथे लेक पाठवताना घरच्यांना कमी धास्ती वाटे.

१५/ आता १९४३ या एका वर्षाकडे पाहू. अमेरिकेत महायुद्धामुळे परिचारिकांचा तुटवडा पडला होता. काँग्रेस सदस्या फ्रान्सिस बोल्टन यांनी मांडलेला कायदा संमत झाला आणि ‘कॅडेट नर्स कोअर’ उभे राहिले. फी, पुस्तके, गणवेश, निवास हा खर्च सरकारचा, शिवाय दरमहा १५ डॉलरपासून पुढे चढत जाणारे विद्यावेतन. अट एकच : युद्ध संपेपर्यंत परिचारिका म्हणून काम करायचे. सुमारे १,७९,००० तरुणी दाखल झाल्या आणि त्यांपैकी सुमारे १,२४,००० जणींनी शिक्षण पूर्ण केले.

१६/ त्याच १९४३ मध्ये भारतात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. देशात डॉक्टर होते सुमारे ४७,५०० आणि परिचारिका अवघ्या ७,०००. ब्रिटनमध्ये ३०० माणसांमागे एक परिचारिका असताना भारतात हे प्रमाण ४३,००० माणसांमागे एक असे होते. डॉक्टरांपेक्षा परिचारिका जवळजवळ सातपटीने कमी, असे हे उलटे मनोरे होते.

१७/ भोर समितीने संख्येबरोबर कारणही सांगितले. परिचारिका ज्या परिस्थितीत राहतात आणि काम करतात ती अत्यंत हलाखीची आहे, ती सुधारल्याशिवाय चांगल्या मुली येणार नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेने तोच विचार कायद्याने आणि तिजोरीने अमलात आणला. आपल्याकडे तो बराच काळ अहवालाच्या पानांत राहिला. हा दोष बुद्धीचा नव्हता. एका बाजूला महायुद्ध लढणारे श्रीमंत राष्ट्र होते, दुसऱ्या बाजूला दुष्काळ आणि फाळणीच्या उंबरठ्यावरची वसाहत.

१८/ स्वातंत्र्यानंतर वाट काढली गेली ती कमी मुदतीच्या शिक्षणाची. १९५१ मध्ये दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम सुरू झाला. सत्तरच्या दशकात तो दीड वर्षाचा करण्यात आला. यामुळे खेड्यापर्यंत कोणीतरी पोचले, हे श्रेय द्यायलाच हवे. पण शिक्षण आखडले आणि कामाचा बोजा मात्र वाढत गेला. उच्च शिक्षणाची वाट शहरांत उघडली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे.

१९/ विद्यावेतन काढून घेतले तर काय होते, याचे उत्तर अलीकडच्या इंग्लंडमध्ये सापडते. २०१७ मध्ये तेथे नव्या परिचर्या-विद्यार्थ्यांचे अनुदान बंद करून त्याऐवजी कर्ज देण्यात येऊ लागले. अर्जांची संख्या घसरली. अखेर सप्टेंबर २०२० पासून विद्यार्थ्यांना वर्षाला किमान ५,००० पौंड अनुदान पुन्हा द्यावे लागले. ज्या देशात नाइटिंगेल निधी जन्मला, त्यालाही तो धडा दीडशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

२०/ भारतात एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली. एकूण खर्च १,५७० कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी १० कोटी. निर्णय स्वागतार्ह आहे. आपली तीन कलमे मात्र येथेही लावून पाहावीत. मुलीला फी किती पडेल? तिच्या राहण्याची सोय काय? आणि पदवी हाती आल्यावर कायम पद मिळेल का?

२१/ तिसऱ्या कलमाचे महत्त्व महाराष्ट्राने २०२२ च्या मे महिन्यात पाहिले. शासकीय परिचारिका संपावर गेल्या आणि खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीला विरोध ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. शिकलेली परिचारिका कंत्राटावर राबत राहिली, तर ती संधी मिळताच आखातात वा युरोपात जाते. तिला त्याबद्दल दोष देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव नोंदलेली आहे. तिला बोलावणारे पुष्कळ आहेत.

२२/ किनाऱ्यावरच्या गावांना चौथा प्रश्नही विचारावा लागतो : शिकून झाल्यावर इथे राहील कोण? कोकणातील तरुणांना मुंबईची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. शिक्षण मुंबईत, नोकरी मुंबईत आणि गावाकडे फक्त गणपतीला, अशी घडी एकदा बसली की श्रीवर्धन तालुक्यातील उपकेंद्राची जागा रिकामी राहते. शाळा, वसतिगृह आणि पद ही तिन्ही जिल्ह्यातच असतील, तर हे चित्र बदलण्याची शक्यता अधिक.

२३/ तेव्हा यापुढे ‘इतक्या कोटींची तरतूद, इतक्या नव्या जागा’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आकड्याच्या आत डोकावून पाहा. इमारतीला किती, शिक्षकांना किती, आणि शिकणाऱ्या मुलीच्या ताटात व उशापायथ्याशी किती? १८६० च्या लंडनमध्ये आणि रमाबाईंच्या पुण्यात परिचारिका घडल्या त्या या शेवटच्या रकान्यामुळे.

२४/ जाता जाता एक विनंती. आपल्या घरात, शेजारात निवृत्त परिचारिका असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांना विद्यावेतन किती मिळे, वसतिगृह कसे होते, घरून विरोध झाला का, पहिली नेमणूक कोणत्या गावी झाली, हे विचारा आणि तारखांसह लिहून ठेवा. ताम्रपट कोरणाऱ्यांनी आपला व्यवहार नऊशेहून अधिक वर्षे टिकवला. या स्त्रियांचा हिशेब मात्र अजून बहुतांशी कोणी लिहिलेलाच नाही.

(धागा समाप्त)