'शुड'चा हरवलेला भूतकाळ

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला 'शुड हॅव डन' तोंडपाठ होते. पण मध्येच हे 'हॅव' कशाला, असे आमच्या वर्गात कुणी विचारले की "तसा नियम आहे" एवढ्यावर भागे. मंडळी, या नियमामागे चांगला हजार वर्षांचा इतिहास आहे.

'शुड' हे मुळात 'शॅल'चे भूतकाळी रूप. तसेच 'वुड' हे 'विल'चे, 'माइट' हे 'मे'चे, 'कुड' हे 'कॅन'चे. जुन्या इंग्रजीत 'शॅल'चा एक अर्थ होता 'देणे लागतो', म्हणजे कर्तव्याच्या मुळाशी चक्क कर्ज! 'मस्ट'ची कथा आणखी मजेदार आहे. ज्याचा तो भूतकाळ, ते क्रियापदच व्यवहारातून गेले आणि भूतकाळ वर्तमानाच्या खुर्चीत बसला. हळूहळू बाकीच्यांचेही तेच झाले. 'यू शुड गो' यात आज भूतकाळ नाही, नुसता सल्ला आहे.

मग झालेल्या गोष्टीबद्दल 'करायला हवे होते' म्हणायचे कसे? या क्रियापदांना पुढे धातुसाधितेही उरली नाहीत, त्यामुळे 'हॅव' त्यांच्या आधी लावता येईना. ते मागे लागले आणि मुख्य क्रियापदाने भूतकाळाचे ओझे उचलले.

'-इंग'चे घराणे निराळे. जुन्या इंग्रजीत 'असणे' या क्रियापदापुढे '-एंडे' प्रत्ययाचे रूप येई. त्या प्रत्ययाची जागा पुढे '-इंग'ने घेतली. 'हॅव बीन'सह '-इंग' चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात सापडते, पण या चालू रूपांचा खरा सुळसुळाट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला. 'घर बांधले जात आहे' यासाठी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणण्याची रीत होती. 'इज बीइंग बिल्ट' आले तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने १८७० साली आपल्या पुस्तकात त्याविरुद्ध प्रकरणच लिहिले. लोकांनी त्याचे ऐकले नाही, हे बरेच झाले.

'शुड हॅव बीन चेकिंग' या चार शब्दांत असा निरनिराळ्या काळांचा माल रचलेला आहे, आणि रचनेचा क्रम कधी बदलत नाही. चॉम्स्की यांनी १९५७ साली 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स'मध्ये तो एका सूत्रात बसवला. आम्हा प्रोग्रामरांना ते सूत्र पाहून घरी आल्यासारखे वाटते.

अंदाज करताना मराठीही हा भेद चोख पाळते: 'त्याने तपासले असणार' वेगळे आणि 'तो तपासत असणार' वेगळे. कर्तव्याच्या बाबतीत मात्र आपण सैल आहोत. 'तपासायला हवे होते' यात एकदा की सतत, ते संदर्भावर सोडलेले असते. 'तपासत राहायला हवे होते' म्हणता येते, पण म्हणतो कोण? इंग्रजी लिहितानाही आपण साधे रूपच उचलतो, आणि तिथे ते महागात पडते.

एका कंपनीत रात्री डिस्क भरून डेटाबेस बंद पडला. आपल्याकडच्याच एका तरुण इंजिनिअरने अहवालाच्या मसुद्यात लिहिले, 'वुई शुड हॅव चेक्ड द डिस्क.' त्याच्या मनात होते, कित्येक महिने लक्ष ठेवायला हवे होते. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून दिसले असते त्या रात्रीचे एक राहून गेलेले काम, आणि त्यामागोमाग रात्रपाळीच्या माणसाचे नाव. वस्तुतः डिस्कवर लक्ष ठेवण्याचे काम कुणाकडे सोपवलेलेच नव्हते. मी 'चेक्ड' खोडून 'बीन चेकिंग' करायला सुचवले, त्याने पुढे 'ऑल अलाँग' जोडले. बैठकीत रात्रपाळीवर कोण होते हे कुणी विचारले नाही. डिस्क भरत आल्याची सूचना देणारा प्रोग्राम आजवर का लिहिला गेला नाही, यावरच तासभर चर्चा चालली.