आरसा, दिवा आणि पाणी : जुन्या मराठी पत्रांचे शब्द

मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे नाव 'दर्पण', म्हणजे आरसा. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' आला, म्हणजे सूर्य. १८४२ मध्ये मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय', १८४९ मध्ये पुण्याचा 'ज्ञानप्रकाश'. १८८१ साली 'केसरी' निघताना त्याच्या चालकांनी वर्तमानपत्राला रस्त्यावरच्या दिव्यांची आणि रात्रीच्या गस्तीची उपमा दिली. त्या काळच्या पत्रकारांना उजेडाचं भारीच वेड होतं, असे ही नावे वाचताना आम्हाला वाटते.

लिखाणाची तारीफ करण्याचे शब्दही त्याच घरचे : स्पष्ट, स्वच्छ, सुबोध आणि विद्वानांचा लाडका 'प्रासादिक'. प्रसाद म्हटला की आपल्याला देवळातलं गूळ-खोबरं आठवतं, आणि त्याच देवळाच्या पायरीखाली आपल्या आजा-पणज्यांना थांबवलं जाई तेही आठवतं. पण साहित्यशास्त्रातला प्रसाद वेगळा. त्याचा अर्थ निवळणे, नितळ होणे. 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात मम्मटाने त्याला स्वच्छ पाण्याची उपमा दिली आहे. पालीतला 'पसाद' तोच. तिथे तो श्रद्धेने निवळलेल्या, प्रसन्न चित्तासाठी वापरतात.

आता गंमत पहा. गंमत कसली, दुःखच ते. लिखाण पाण्यासारखं नितळ असावं म्हणणाऱ्या समाजात आपल्याला पाण्यालाच हात लावायची बंदी! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ३ एप्रिलला, म्हणजे अवघ्या चौदा दिवसांनी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला.

त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. या नावात ना आरसा, ना सूर्य. ज्याला बोलूच दिलं नाही, त्याच्या नावानं हे पत्र निघालं. पैसे देऊनसुद्धा 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. दिवा होता, पण आपल्या गल्लीत नव्हता.

'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली : एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. पाटीला हात न लावलेल्या माणसाला वाचून दाखवा, त्यालाही एका दमात कळतं. बाबासाहेबांची मराठी सगळीकडे सोपी आहे असे मात्र नाही. संस्कृत शब्द भरपूर, वाक्ये लांबलचक. तरी अर्थ कुठे गढूळ होत नाही. 'प्रासादिक' हा शब्द आम्ही तरी अशाच लिखाणाला लावू.

ही झाली मुंबई-पुण्याकडची गोष्ट. आपला हिंगोलीचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. म्हणून आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'स्पष्ट'पेक्षा 'साफ' जास्त : "काय ते साफ सांग बाबा!" हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. धुतलेल्या कपड्यालाही साफ आणि आडपडदा नसलेल्या बोलण्यालाही साफ. संपादकांच्या शब्दांपेक्षा तो आम्हाला काही कमी वाटत नाही.

२४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झालेल्या 'जनता' पत्राचे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' असे नामांतर झाले. धम्मदीक्षा त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला. 'सुबोध' आणि 'प्रबुद्ध' दोन्ही 'बुध्' या एकाच धातूपासून आलेले शब्द. 'बुद्ध' हाही त्यातलाच. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्र ग्रंथरूपाने छापले. तो ग्रंथ मोठ्याने वाचायला घ्यावा, म्हणजे घरातल्या म्हातारीच्याही कानावर पडेल.