शिवलेल्या कापडाला जात कोणी लावली?

पोरगी सलवार-कमीज घालून निघाली की कुणीतरी म्हणतंच, 'हा वेष आपला नाय, बाहेरचा.' या 'आपला'चा हिशेब एकदा मांडू.

कमीज हा शब्द अरबी, सलवार फारशी. कबूल. पण आपल्या आज्याचा सदरा? तोही अरबीच. 'सद्र' म्हंजे छाती. त्याची विजार म्हंजे अरबी 'इजार'. आज्याला कुणी परका म्हटलं नाही. बोट उठतं ते पोरीवर.

आता दगडाची साक्ष घ्या. मथुरेजवळ माट गावी 1911 साली कनिष्काचा पुतळा सापडला. डोकं तुटलेलं, पण नाव कोरलेलं. अंगात लांब अंगरखा, पायात जाड बूट. त्याच्या नाण्यांवर तो अंगरखा-विजारीत उभा आहे, आणि काही नाण्यांच्या मागल्या बाजूला बुद्ध आहे. बुद्धाला नाण्यावर आणणारा हा राजा शिवलेले कपडे घालत होता. कारण साधं आहे. कुषाण घोड्यावरचे लोक. मांड ठोकून बसायचं तर विजार लागते. सलवारीचा घेर, नेफ्यातली नाडी, कमीजीच्या दोन्ही बाजूंची चीर, हे सगळं मोकळं चालता-बसता यावं म्हणून. कष्टाच्या माणसाला सोयीचा असा हा कपडा.

मग कपड्याला विटाळ कुठून आला? त्रावणकोरकडे बघा. एकोणिसाव्या शतकात नाडार बायकांनी अंग झाकलं म्हणून सवर्णांनी त्यांचे कपडे फाडले. ख्रिस्ती झालेल्यांना 'कुप्पायम', म्हंजे शिवलेली बंडी, चालेल म्हणाले. सवर्ण बायकांसारखं खांद्यावरचं वस्त्र मात्र नको. 1859 च्या जाहीरनाम्यानं सगळ्या नाडार बायकांना अंग झाकायची मुभा दिली, तरी 'सवर्णांसारखं नको' ही अट ठेवलीच. त्याच मुलखात पद्मनाभस्वामी मंदिरात चुडीदारवाल्या बाईला वरून मुंडू गुंडाळावं लागे. नोव्हेंबर 2016 मध्ये ही अट काढली, तर डिसेंबरात हायकोर्टानं ती मोकळीक रद्द केली. आधी शिवलेलं घाला म्हणाले, मग शिवलेलं झाका म्हणाले. कापड बदललं, हुकूम करणारे तेच.

आपल्याकडे हा वेष पसरला तो 1947 नंतर. फाळणीत घरदार गमावून आलेल्या पंजाबी, सिंधी बायका तो अंगावर घेऊन आल्या. म्हणून मराठीत त्याचं नाव पडलं 'पंजाबी ड्रेस'. पुढं लोकल धरणाऱ्या, सायकल मारणाऱ्या पोरींनी तो आपला केला. त्यासाठी कुठल्या शास्त्राला विचारलं नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना हेच सांगितलं होतं. ज्या पेहरावावरून अस्पृश्य म्हणून ओळखतात, तो टाका. लुगडं पार घोट्यापर्यंत नेसा. बायांनी ते लगेच केलं. तेव्हाही गावानं डोळे वटारलेच असतील. म्हणून कपडा कुठून आला, हा प्रश्न दुय्यम. तो घालायला मनाई कोण करतो, अन् कुणाला करतो, ते आधी विचारा.