जुने व्हिडिओ गेम, एम्युलेटर आणि साधने पाहण्याची मुभा

वसई गावातील होळी या वस्तीपासून फार दूर नसलेला वसईचा किल्ला मराठ्यांनी 1739 च्या मे महिन्यात सर केला. या मोहिमेची हकीकत आज ज्या तपशिलाने सांगता येते तिचे श्रेय तत्कालीन मोडी पत्रांस आहे. परंतु पत्रे टिकली एवढ्यानेच इतिहास सिद्ध झाला असे मात्र नव्हे. इंग्रजी अमदानीत पुण्याचे पेशवे दप्तर संशोधकांस दीर्घकाळ मोकळेपणाने पाहावयास मिळत नव्हते, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 पासूनच्या काही वर्षांत बाहेर पडले, तेव्हा कोठे वसईच्या मोहिमेचे कागद सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. साधन टिकणे, ते वाचता येणे आणि ते वाचण्याची मुभा असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील व्हिडिओ गेम या साधनवर्गासंबंधी आज या तीनही गोष्टी एकाच वेळी वादग्रस्त झाल्या आहेत.

व्हिडिओ गेम हे इतिहासाचे साधन कसे, अशी शंका काढली जाईल. बखरी आणि पोवाडे यांच्याविषयीही एके काळी अशीच शंका काढली जात असे. 1990 नंतरच्या दशकात मुंबई व तिच्या उपनगरांतील मुलांचा फावला वेळ कोठे गेला हे ज्यास लिहावयाचे आहे, त्यास व्हिडिओ पार्लर टाळून पुढे जाता येणार नाही. तेथील खेळांपैकी एकाचे उदाहरण येथे पुरेसे आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा खेळ काढला. भारतात तो त्या नावाने क्वचितच ओळखला गेला; त्यातील मुस्तफा या पात्रावरून पोरांनी त्यास ‘मुस्तफा’ हेच नाव दिले आणि तेच रूढ झाले. मूळ खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन चित्रकथेवर आधारलेला असल्याने त्याचे हक्क एकट्या कॅपकॉमच्या हाती नाहीत. 2018 साली या कंपनीने आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा संच पुनःप्रकाशित केला, त्यात ‘मुस्तफा’ नव्हता. पार्लरमधील हा खेळ घरगुती यंत्रासाठी विक्रीस आला नाही. ज्याने तो लहानपणी सुट्या नाण्यांवर खेळला, त्यास आज तो पैसे मोजूनही सरळ मार्गाने विकत घेता येत नाही.

मूळ यंत्राची अवस्था याहून नाजूक आहे. हा खेळ ज्या मंडलपट्टीवर चाले तिच्यातील ध्वनीची आज्ञावली सांकेतिक रूपात ठेवलेली असून तिची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधाराने स्मृतीत राहते. बॅटरी संपली की किल्ली जाते आणि पट्टी निकामी होते. नक्कल करणाऱ्यांस आळा बसावा म्हणून योजलेली ही युक्ती कालांतराने मूळ वस्तूच्याच मुळावर येते.

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब घडवून आणणारी आज्ञावली. मोडी पत्राचे बाळबोध लिप्यंतर करण्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु ही तुलना अर्धीच खरी आहे: लिप्यंतर झाल्यावर पत्र स्वतंत्रपणे वाचता येते, खेळ मात्र प्रत्येक वेळी चालवूनच पाहावा लागतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया याने फेब्रुवारी 1997 मध्ये ‘मेम’ हा पार्लरमधील खेळांचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. जुन्या यंत्रांच्या रचनेची नोंद करणे हाच आपला मुख्य उद्देश असल्याचे त्याचे कर्ते सांगत आले आहेत. येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे, कारण वादातील निम्मा गोंधळ तो न पाळल्याने होतो. एम्युलेटर ही एक वस्तू आणि त्यावर चालणारी खेळाची प्रत ही दुसरी. पहिली बहुधा स्वतंत्र निर्मिती असते, दुसरी दुसऱ्याच्या मालकीची.

अमेरिकन न्यायालयांनी हा भेद मान्य केला. सेगा विरुद्ध अॅकोलेड (1992) आणि सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (2000) या दोन निर्णयांत असे ठरले की, सुसंगत आज्ञावली तयार करण्यासाठी मूळ आज्ञावलीचा अंतर्भाग तपासताना केलेली नक्कल न्याय्य वापरात मोडते. कनेक्टिक्स खटला जिंकली खरी, पण सोनीने 2001 साली तिचा एम्युलेटर विकत घेऊन बंद केला. न्यायालयात हरलेली बाजू बाजारात जिंकली. पुढे 2024 च्या मार्चमध्ये ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांनी निन्टेन्डोशी 24 लक्ष डॉलरवर तडजोड केली. मात्र युझूचा रोख तेव्हा बाजारात असलेल्या यंत्रावर होता, आणि त्या प्रकरणावरून जुन्या खेळांविषयी निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

भारतातील स्थिती अधिक विचित्र आहे. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमान्वये संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृती समजली जाते. कलम 52 नुसार आज्ञावली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास नाश वा हानीपासून तात्पुरते रक्षण म्हणून प्रत काढता येते, आणि परस्परसुसंगतीसाठी आवश्यक ती माहितीही मिळविता येते. यावरून एम्युलेटर रचण्यास हा कायदा आडवा येत नाही असे म्हणता येईल. परंतु मंडलपट्टी ज्याच्या मालकीची, त्यालाच प्रतीची मुभा आहे. संशोधकास ती नाही. उलट कलम 63ख अन्वये आज्ञावलीच्या अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून संगणकावर वापर करणे हा गुन्हा आहे. 2012 च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांस जतनासाठी कृती विद्युत् साधनाने साठविण्याची सवलत दिली, पण अट अशी की ग्रंथालयाजवळ त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीच असावी. जी कृती जन्मतःच अंकीय आहे तिची अशी प्रत आणावयाची कोठून? सवलत पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली असावी. 1954 च्या ग्रंथप्रदान अधिनियमाने प्रकाशित ग्रंथाची एकेक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व मुंबईसह अन्य ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे जाते. व्हिडिओ गेमसाठी असे कोणतेही बंधन नाही.

हक्कधारकांची बाजू क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. जुने खेळ आम्ही स्वतःच पुन्हा विकतो आणि फुकट प्रतींनी तो व्यवहार बुडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या खेळांची पुनर्विक्री होते त्यांच्यापुरते ते रास्तही आहे. पण अशा खेळांचे प्रमाण किती? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2010 पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. जे उपलब्ध होतात तेही कायम राहत नाहीत: 2006 साली सुरू झालेले निन्टेन्डोच्या वी यंत्रावरील जुन्या खेळांचे दुकान 2019 च्या जानेवारीत बंद झाले. त्या दुकानातील जुने खेळ कंपनी स्वतः एम्युलेटरच्याच साहाय्याने चालवीत होती, हेही नमूद करावयास हवे. तरीही, ग्रंथालयांनी जपलेले जुने खेळ अभ्यासकांस दुरून पाहू द्यावेत ही मागणी अमेरिकेतील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नामंजूर केली.

पेशवे दप्तराशी केलेली तुलना येथे एका ठिकाणी तुटते. दप्तर सरकारच्या ताब्यात होते. म्हणून ते बंद असतानाही कागद सांभाळले जात होते आणि कुलूप निघण्याची वाट पाहता येत होती. खेळांच्या बाबतीत कुलूप आहे, पण आतील वस्तू सांभाळण्याची जबाबदारी कोणावरच नाही; आजवर जे जपले गेले ते बहुतांशी छांदिष्टांनी, कायद्याच्या कडेवर उभे राहून. ‘मुस्तफा’चा दृश्यभाग भारतीय कायद्यानुसार चलच्चित्र मानला तर त्यावरील हक्क 2053 च्या अखेरीस संपतील, आज्ञावली ही वाङ्मयकृती धरली आणि तिचे कर्ते ज्ञात असले तर ते त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतील. 1993 साली त्या मंडलपट्ट्यांवर बसविलेल्या बॅटऱ्या तोवर टिकणार नाहीत.